पी०३४० आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक सदरात एका वाचकाने विचारलं होतं, ‘चेक इंजिन लाइट लागली आहे, स्कॅनरवर पी०३४० कोड येतो, काय करावं?’ त्यावर ‘कॅमशाफ्ट सेन्सर बदलून घ्या’ एवढंच उत्तर छापून आलं. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे, आणि अशा अर्ध्या उत्तरापायी गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि लाइट आठवड्याभरात पुन्हा लागते. पी०३४० हा कोड कॅम सेन्सरच्या ‘सर्किट’मधला बिघाड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या तारा आल्या, कपलर (तारांचा प्लग), फ्यूज, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) आणि शेवटी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणकही आला. यात एका बोल्टवर सुटणारा आणि दुकानात लगेच मिळणारा भाग म्हणजे सेन्सर. म्हणून पहिला बळी त्याचा जातो.

हा सेन्सर करतो काय, ते आधी थोडक्यात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा दांडा) दोनदा फिरते तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरते. पिस्टन वर आला हे क्रँक सेन्सर सांगतो. पण तो कॉम्प्रेशन करून वर आला की जळालेला वायू बाहेर ढकलून, हे त्याला कळत नाही. ते कॅम सेन्सर सांगतो. त्यावरून ईसीयू पहिला सिलिंडर ओळखतो आणि कोणता इंजेक्टर कधी उघडायचा हे ठरवतो. हा सिग्नल गेला की बऱ्याच पेट्रोल गाड्या अंदाजाने चालू होतात. सेल्फ एरवीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो, पिकअप पडतो, अ‍ॅव्हरेज घटतं, व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर ईसीयू ती बंद करून टाकतो. काही गाड्या, विशेषतः बऱ्याच कॉमन रेल डिझेल, सिग्नल मिळाल्याशिवाय चालूच होत नाहीत. उलट काही मॉडेलांत चालू असलेलं इंजिन सेन्सरचा कपलर काढला तरी चालूच राहतं. त्यामुळे ‘गाडी चालते आहे, म्हणजे सेन्सर चांगला’ हे मानू नये.

लक्षणांत कॅम आणि क्रँक सेन्सरची सरमिसळ फार होते. साधी खूण अशी: सेल्फ मारताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आरपीएम बघा. २०० ते २५०च्या आसपास आकडा येत असेल तर क्रँक सेन्सर बोलतो आहे. शून्य दाखवत असेल तर आधी क्रँक सेन्सरकडे वळा. कॅम सेन्सर बदलून गाडी सुरू होण्याची आशा ठेवू नका. आणखी एक गोष्ट, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणाचे आकडे ईसीयू जपून ठेवतो, पण कोड वाचणारे शंभरातले किती जण ते उघडतात, देव जाणे. तिथे आरपीएम १८० असेल तर कोड सेल्फ मारताना पडला. पहिला संशय बॅटरीवर घ्या. कूलंट ९५ अंशांच्या पुढे आणि गाडीचा वेग शून्य असेल तर गरम झाल्यावर येणारा दोष शोधायचा आहे, थंड गाडीवर तासभर मीटर लावून तो सापडणार नाही.

कोडमध्येही फरक आहे. पी०३४२ म्हणजे सिग्नल सतत खाली, पी०३४३ म्हणजे सतत वर, पी०३४४ म्हणजे मध्येच येतो-जातो. हे तिन्ही बहुधा विजेच्या बाजूचे. पी०३४१ आणि पी००१६ आले तर मात्र सिग्नल ईसीयूपर्यंत येतो आहे, पण ठरलेल्या जागी येत नाही. हा मुद्दा खाली सविस्तर येईल, कारण सगळ्यात जास्त सेन्सर विनाकारण इथेच बदलले जातात.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून. बंद गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाता कामा नये. सेल्फला व्होल्टेज कोसळत असेल तर ईसीयू आणि सेन्सर दोघेही गोंधळतात आणि खोटे कोड पडतात. मग डोळ्यांनी बघणं. पावसाळ्यात आपल्याकडे बंद गाडीच्या बॉनेटखाली उंदीर येतात आणि तारा कुरतडतात. बारीक तारा आधी. लूमची (तारांच्या जुडग्याची) टेप सोलून बघितल्याशिवाय ‘वायरिंग ओके’ म्हणू नये. कपलर उघडून आत बघा: तेल आहे का, पाणी आहे का, हिरवट गंज चढलाय का, एखादी पिन मागे सरकली आहे का, लॉक तुटलाय का. सेन्सरची ओ-रिंग (रबरी सीलची कडी) गेली की इंजिन ऑइल बाहेर येऊन कपलरपाशी साचतं, आणि सेन्सरची बॉडी तडकली असेल तर तेल आतून थेट पिनांपर्यंत येतं. प्रेशर पंपाने इंजिन धुऊन आणल्यावर दुसऱ्या दिवशी लाइट लागलेल्या गाड्या याच रांगेतल्या.

आता मीटर. आजच्या बहुतेक गाड्यांत हॉल इफेक्टचा (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा), तीन पिनांचा सेन्सर असतो: पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. तारांच्या रंगांवर विसंबू नये, मॉडेल बदललं की रंग बदलतात. वायरिंग डायग्राम नसेल तरी पिना ओळखता येतात. कपलर काढा, इग्निशन ऑन करा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी लीड थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. लाल लीड एकेका पिनेला लावा. एक पिन शून्याच्या आसपास दिसेल, ती अर्थ. पुरवठ्यावर ४.८ ते ५.२ व्होल्ट किंवा गाडीनुसार बॅटरीएवढे व्होल्ट. सिग्नलच्या पिनेवरही बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट दिसतात, कारण ते ईसीयूच्या आतल्या रेझिस्टरमधून येतात आणि सेन्सर ते फक्त खाली ओढतो. मग दोन्हीकडे ५ आले तर ओळखायचं कसं? १ किलो-ओहमचा रेझिस्टर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळतो, तो त्या पिनेपासून अर्थला जोडा. पुरवठ्याची पिन असेल तर ५ जागेवर राहतील. सिग्नलची असेल तर व्होल्टेज धाडकन खाली येईल, एक-दोन व्होल्टवर किंवा त्याच्याही खाली.

याच रेझिस्टरने आणखी एक काम होतं. स्कॅनरवर कॅम सिग्नलची स्थिती दिसत असेल तर सिग्नलच्या पिनेला रेझिस्टर टेकवा-सोडा, टेकवा-सोडा. स्कॅनरवर ती बदलताना दिसली तर तार ईसीयूपर्यंत शाबूत आहे आणि ईसीयू ऐकतो आहे. सेन्सर न बदलता अर्धं सर्किट निकालात निघालं.

दोन खबरदाऱ्या. मीटरची जाड टोकं कपलरच्या बायकी पिनेत खुपसू नका. पिन फाकते, नंतर सेन्सरची पिन तिला ढिली बसते, आणि जो दोष नव्हता तो तपासणाऱ्याने तयार केलेला असतो. मागून रबर सीलच्या बाजूने बारीक सुई सरकवा, किंवा मापाची सुटी पिन ठेवा. तारेचं आवरण टोचूनही तपासू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांबं आत हिरवं होतं. दुसरं, जुना बल्बचा टेस्ट लॅम्प फ्यूजवरून येणाऱ्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालेल, उलट तिथे तो चांगलाच, कारण तारेवर लोड पडतो. पण ५ व्होल्टच्या किंवा सिग्नलच्या तारेवर तो लावू नका.

अर्थ तपासताना नुसता ओहम बघून समाधान मानू नये. कपलर जोडलेला, इग्निशन ऑन, आणि सेन्सरची अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह यामध्ये व्होल्ट मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थमध्ये गंज किंवा ढिला जोड आहे. सेन्सर कितीही नवा बसवला तरी त्याचा सिग्नल शून्यापर्यंत उतरणार नाही.

पुरवठाच नसेल तर? १२ व्होल्टचा असेल तर फ्यूज, मेन रिले आणि मधले जोड. ५ व्होल्टचा असेल तर एक खोड लक्षात ठेवा: ही ५ व्होल्टची लाइन अनेकदा दुसऱ्या सेन्सरांबरोबर वाटून घेतलेली असते. एसी प्रेशर, मॅप (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा), रेल प्रेशर यांपैकी एखादा आतून शॉर्ट झाला तर सगळ्यांचा पुरवठा पडतो आणि कोडांची जत्रा भरते. मीटर कॅम सेन्सरच्या पुरवठ्यावर ठेवा आणि बाकीच्या सेन्सरांचे कपलर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले, तो दोषी. कोणताच काढून आले नाहीत तर तार कुठेतरी बॉडीला घासते आहे किंवा ईसीयूत दोष आहे, त्याच क्रमाने शोधा.

पुरवठा आणि अर्थ ठीक असतील तर सेन्सरची पाळी. कपलर जोडा, सिग्नलच्या तारेत मागून सुई घाला. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन ऑन, आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवा, इंजिन फिरतं त्याच दिशेने; बहुतेक गाड्यांत पुलीकडून बघताना घड्याळाच्या दिशेने. क्रँकचे पूर्ण दोन वेढे म्हणजे कॅमचा एक. तेवढ्यात सिग्नल ५ वरून शून्याजवळ आणि शून्यावरून ५ वर निदान एकदा तरी जायलाच हवा. किती वेळा जाईल ते कॅमच्या चाकावर किती दात आहेत त्यावर. पाच सतत पाचच राहिले तर सेन्सर खाली ओढत नाही. शून्य सतत शून्यच राहिलं तर कपलर काढून बघा. काढल्यावर ५ आले तर सेन्सर आतून शॉर्ट आहे, तरीही शून्यच असेल तर तार अर्थला लागली आहे किंवा तुटली आहे. काही सेन्सर चाक फार हळू फिरलं तर प्रतिसाद देत नाहीत. म्हणून सेन्सर बाद ठरवण्याआधी फ्युएल पंपाचा रिले काढून सेल्फवर एकदा बघाच. सेल्फ मारताना साधा मीटर सरासरी दाखवतो, अडीच व्होल्टच्या आसपास काहीतरी; त्यावर निकाल देऊ नये. मीटरला हर्ट्‌झची सोय असेल तर ती वापरा: चार दातांचं चाक असेल तर सेल्फवर साधारण ७ हर्ट्‌झ, ८०० आरपीएमच्या आयडलिंगला २७च्या आसपास.

एक गैरसमज मात्र गॅरेजांतून हटत नाही. तीन पिनांच्या सेन्सरवर ओहम मोजायचा आणि ‘रेझिस्टन्स दाखवत नाही, गेला’ म्हणायचं. हॉल सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. मीटरच्या लीड उलटसुलट केल्या की आकडा बदलतो, मीटर बदलला की आणखी बदलतो. त्या आकड्याला काही अर्थ नाही. ओहमची चाचणी दोन पिनांच्या, गुंडाळीच्या जुन्या सेन्सरसाठी: तिथे गाडीनुसार काहीशे ते दोन-अडीच हजार ओहम यावेत, बॉडीला कुठेही लागता कामा नये, आणि सेल्फ मारताना एसी व्होल्टवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त काहीतरी दिसावं. अशा सेन्सरच्या दोन तारा दुरुस्तीत उलट जोडल्या गेल्या तर सिग्नल येतो, पण सरकलेला येतो. तासन्‌तास डोकं खातो.

इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन कॅम आणि दोन्हींवर एकाच पार्ट नंबरचे सेन्सर असतील तर फुकटातली सर्वांत पक्की चाचणी हाताशी आहे. दोन्ही सेन्सरांची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३४० जाऊन पी०३६५ (दुसऱ्या कॅम सेन्सरच्या सर्किटचा कोड) आला तर दोष सेन्सरबरोबर गेला, सेन्सर बदला. पी०३४०च राहिला तर सेन्सर निर्दोष, तारेकडे वळा.

गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी वेगळी. अर्धा तास थंड झाली की पुन्हा चालू होते, आणि गॅरेजला नेईपर्यंत शहाण्यासारखी वागते. इंजिन चालू ठेवून, मीटर किंवा स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावून, केस वाळवायच्या ड्रायरने सेन्सर तापवा आणि त्याच वेळी लूम कपलरपासून फूटभर अंतरापर्यंत हलकेच हलवत जा. तापवल्यावर सिग्नल गेला तर सेन्सर, हलवल्यावर गेला तर तार. क्रँक सेन्सरही नेमका असाच वागतो, म्हणून दोन्हींचे सिग्नल एका वेळी नजरेखाली असावेत. खंबाटकी किंवा बोरघाटात इंजिन बंद पडलं तर ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो आणि स्टिअरिंग जड होतं. तेव्हा ‘कधीतरीच होतं’ म्हणून असा दोष अंगावर काढू नये.

आता पी०३४१ आणि पी००१६. इथे ईसीयूची तक्रार अशी असते की कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही. चेन ताणली, चेन ताठ ठेवणारा टेन्शनर निकामी झाला, बेल्टचा दात सुटला, व्हीव्हीटीचा फेझर (कॅम पुढे-मागे सरकवणारा भाग) अडकला, ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या जाळीत गाळ भरला, किंवा कॅमवरचं दातांचं चाकच सैल झालं, असं काहीही असू शकतं. सेन्सर बिचारा जे दिसतं तेच सांगत असतो. चेन लाइफटाइम असते म्हणून तिच्याकडे बघायचंच नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात ऑइल उशिरा बदललं की चेनचे सांधे झिजतात आणि ती लांबते. सकाळी चालू करताना पहिल्या काही सेकंदांत खडखडाट येत असेल तर सेन्सर मागवण्याआधी ऑइलची पातळी, ग्रेड आणि चेन बघा.

हे पकडायला दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप उत्तम. एका चॅनलवर क्रँक, दुसऱ्यावर कॅम. क्रँकचं चाक ६० दातांच्या जागेचं आणि त्यातले दोन दात काढलेले, असं पुष्कळ गाड्यांत असतं. एक दात म्हणजे ६ अंश. गाळलेल्या दातांच्या फटीपासून कॅमच्या सिग्नलची कड कितव्या दातावर येते ते मोजायचं आणि तशाच ठीक चालणाऱ्या गाडीशी ताडायचं. क्रँकच्या पुलीला बेल्टचे २० दात असतील आणि बेल्ट एक दात सरकला असेल तर फरक १८ अंशांचा, म्हणजे स्कोपवर बरोबर तीन दातांचा येतो. डोळ्यांनी मोजता येतो, टायमिंग कव्हर उघडायच्या आधी. स्कोप नसेल तर कव्हर उघडून मार्क जुळवून बघणं आलं. वेळ जातो, पण एकामागून एक सेन्सर बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत आणखी एक जागा न चुकता बघावी. काही किटांबरोबर टायमिंग अ‍ॅडव्हान्सर (ठिणगीची वेळ अलीकडे आणणारा डबा) बसवतात आणि तो क्रँकच्या, काही गाड्यांत कॅमच्याही सिग्नलची तार मध्ये तोडून जोडतात. हे जोड नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेले असतील तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात गंजतात. शिवाय अ‍ॅडव्हान्सर स्वतः बिघडला तर सिग्नल सरकवून पाठवतो आणि पी०३४१ किंवा पी००१६ पडतो. तो बायपास करून मूळ तारा जोडून बघा. बाजारातल्या चोरी-अलार्मनेही कुठे तार तोडली आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.

एवढं करून सेन्सरच दोषी ठरला तर बदलावा, त्यात वाद नाही. काढताना इग्निशन बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. बोल्ट बहुधा १० नंबरच्या गोटीचा. सेन्सर अडकला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, डावीकडे-उजवीकडे फिरवत काढा. तुटून टोक हेडमध्ये राहिलं तर काम वाढतं. काढलेल्या सेन्सरचं टोक बघा. त्यावर लोखंडाचा कीस चिकटला असेल तर तो पुसून पुढे जाऊ नका, तो कुठून आला ते शोधा. टोकावर घासल्याची खूण असेल तर कॅमला मागे-पुढे खेळ आहे किंवा सेन्सर चुकीच्या लांबीचा आहे. नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचा हात, बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नको. प्लॅस्टिकचा कान तडकतो. डुप्लिकेट माल इथे फार फसवतो. तो सिग्नल देतो, पण सिग्नलची कड जरा अलीकडे-पलीकडे पडते, आणि पी०३४० जाऊन पी०३४१ येतो. मग लोक चेन बदलायला निघतात.

गिऱ्हाइकाने गॅरेजकडे जुना सेन्सर परत मागावा आणि बिलावर तीन मोजमापं लिहून घ्यावीत: पुरवठ्याचे व्होल्ट, अर्थवरचा व्होल्टेज ड्रॉप आणि सिग्नल बदलत होता की नव्हता. काम झाल्यावर कोड पुसून गाडी ताब्यात घेतली की लाइट तेव्हा जातेच, दोष तसाच असला तरी जाते. म्हणून दोन-तीन दिवस थंड इंजिनवर सुरुवात, गरम होईपर्यंत चालवणं, बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ, असं करावं आणि मग स्कॅनरवर ‘पेंडिंग’ कोड बघावेत. लाइट लागण्याआधी दोष तिथे दिसतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, भोसरी, पुणे